कोल्हापुरात बॅगा करून घ्यायच्या असतील, तर आधी ऑर्डर नीट लिहा

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला कळला तसा आधी मांडते. पुण्यातून तुम्हाला हातानं केलेल्या लेदर बॅगांचा छोटा ऑनलाइन धंदा सुरू करायचाय आणि माल कोल्हापुरातून घ्यायचाय. एकाच फोटोवरून दोन ठिकाणी भाव विचारलात. एकानं टोट बॅगचे (दोन पट्ट्यांच्या मोठ्या बॅगेचे) साडेआठशे सांगितले, दुसऱ्यानं तीन हजार. दोघांचंही म्हणणं तेच: प्युअर लेदर, हँडमेड, कोल्हापुरी कारागीर. यातला खरा कोण, कारागिराला नीट पैसे मिळतात याची खात्री कशी करायची आणि कुठलं सर्टिफिकेट मागायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्याविषयी इतकंच सांगते की माझं सासर चप्पल करणाऱ्यांचं. सासरे आयुष्यभर पायताणच करत आले. बॅगांचं काम आम्ही नवरा-बायकोनं वाढवलं, आणि त्यातला हिशेब, ऑर्डरी, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडं असतं. मी माल विकणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझा कल करणाऱ्याकडं झुकणार, हे धरूनच वाचा.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कातडं खरं आहे का, बॅग इथं हातानं झालीय का, आणि करणाऱ्याच्या हातात काय पडलं. पहिल्याचं उत्तर बॅग हातात घेतली की मिळतं. दुसऱ्याचं इथं येऊन दिवसभर बसलात की मिळतं. तिसऱ्याचं मात्र बॅगेत कुठंच दिसत नाही. अगदी देखण्या बॅगेमागं महिनोन् महिने थकलेली मजुरी असू शकते आणि ओबडधोबड बॅगेमागं चोख व्यवहार. शिवाय ते उत्तर बऱ्याच अंशी तुमच्याच हातात असतं. आगाऊ किती देता, सॅम्पलचे पैसे देता का, माल किती दिवसांत मागता, परत आलेली बॅग कुणाच्या माथी मारता, यावर ते ठरतं. सर्टिफिकेटचा नंबर त्यानंतर लागतो.

कातड्याचं आधी उरकून घेते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर जुनीच बंदी होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. त्यामुळं इथं आता मुख्यतः म्हशीचं कातडं चालतं, नाजूक कामाला बकऱ्याचं आणि मेंढीचं. कातडं कमावण्याची आमच्याकडची जुनी रीत बाभळीची साल आणि हिरड्याची. मिठातलं कातडं धुवायचं, चुन्यात घालून केस काढायचे, मांस खरवडायचं, मग त्याच कातड्याची शिवून पिशवी करायची, टांगायची आणि आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी झिरपत राहतं, पिशवी उलटी करून पुन्हा भरतात, असं आठवडेच्या आठवडे चालतं. हे काम करणारे आता फारच कमी उरलेत. कष्ट भयंकर, वास अंगाला चिकटलेला, आणि ते काम करणाऱ्या समाजाला गावानं कसं वागवलं हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरांनी ते सोडलं तर त्यांना कोण नावं ठेवणार? म्हणून आज कोल्हापुरातल्या बॅगेचं कातडं बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा तामिळनाडूतल्या दिंडिगुल-इरोडकडून कमावून आलेलं असतं. कुणी “कातडंही इथलंच” म्हणालं तर ते कुठं कमावलं ते दाखवायला सांगा.

सालीनं कमावलेलं कातडं, म्हणजे व्हेज टॅन, हे ताठ असतं. त्याची कड घासून चकाकते, उन्हानं आणि हाताळण्यानं रंग गडद होत जातो, आणि पाणी पडलं की डाग धरतं. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं कातडं दिवसा-दोन दिवसांत तयार होतं, मऊ असतं, कुठल्याही रंगात मिळतं आणि पाण्याला जास्त दाद देत नाही. ऑनलाइन विकणारे व्हेज टॅन म्हणजे पुण्य आणि क्रोम म्हणजे पाप असं लिहितात, ते मला पटत नाही. क्रोमचा खरा प्रश्न टॅनरीतून, म्हणजे कातडं कमावण्याच्या कारखान्यातून, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आहे. ते पाणी नीट शुद्ध करणारी टॅनरीही असते आणि तसंच नाल्यात सोडणारीही. व्हेज टॅनच्या टॅनरीचं पाणीसुद्धा स्वच्छ नसतंच, त्यात चुना असतो, मीठ असतं. तुम्हाला खांद्यावर मऊ पडणारी, झोळीसारखी बॅग हवी असेल तर क्रोमच घ्यावं लागेल. फक्त टॅनरीचं नाव आणि तिचं बिल मागा.

खरं-खोटं ओळखायला कापलेली कड बघा. खऱ्या कातड्याची कड केसाळ, तंतूतंतूंची दिसते. रेक्झिनच्या कडेला खाली कापड आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा दिसतो. कड रंगानं बंद केली असेल तर छाटण मागून घ्या आणि जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला पाहिजे. वासाच्या भरवशावर राहू नका, लेदरचा वास बाटलीत मिळतो. “जेन्युइन लेदर” हा शिक्काही फसवा आहे. कातड्याचा वरचा दाणेदार थर काढून घेतल्यावर खाली जो कमजोर भुसभुशीत थर उरतो, त्याच्यावर प्लास्टिक चढवून केलेल्या मालावरही तो शिक्का सर्रास असतो.

आता भावाकडं येते, कारण साडेआठशे आणि तीन हजारांचा उलगडा तिथंच होतो. हिशेबापुरती एकाच खिशाची साधी टोट, चौदा इंच रुंद आणि बारा इंच उंच, धरू. पुढचा आणि मागचा तुकडा मिळून ३३६ चौरस इंच. बाजू आणि तळ मिळून चार इंच रुंदीची सलग पट्टी, ती झाली १५२. चोवीस इंची दोन पट्ट्या ६०, आतला खिसा ४२, वर जोडाचे बारके तुकडे. सगळं मिळून सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे सव्वाचार चौरस फुटांहून थोडं जास्तच. पण कातडं म्हणजे कापडाचा तागा नव्हे. कडा वाकड्या असतात, पोटाकडं ते सैल असतं, कुठं गोचिडीचा व्रण, कुठं काट्याचा ओरखडा, कुठं डाग दिल्याची खूण. पाव ते तिसरा हिस्सा छाटणीत जातो. म्हणजे सहा फूट धरा. चांगल्या व्हेज टॅन म्हशीला फुटामागं १४० रुपये धरले (भाव जाडीवर आणि प्रतीवर वरखाली होतो, हा फक्त हिशेबापुरता), तर कातड्याचेच ८४० झाले. साडेआठशेवाल्याकडं दोरा, बक्कल आणि माणूस यांच्यासाठी दहा रुपये उरले.

पुढं चला. पितळी कड्या, चेन, दोरा, थोडं अस्तर यांचे अडीचशे. शिवण साधारण ११० इंच. इंचाला सहा टाके म्हटले तर साडेसहाशेच्या वर टाके होतात, आणि हातशिलाईत प्रत्येक भोकातून दोन सुया समोरासमोर जातात. आरीनं भोक, एक सुई इकडून, एक तिकडून, दोन्ही दोरे ओढून बसवायचे. कापणं, रापीनं कडा तासून पातळ करणं, चिकटवणं, शिवणं, कडा घासून बंद करणं, असं सगळं धरून चांगल्या हाताला दीड दिवस लागतो. दिवसाला आठशे मजुरी धरली तर बाराशे. एकूण २२९०. त्यावर जागेचं भाडं, वीज, हत्यारांची झीज, वाया गेलेली एखादी बॅग यांचे पंधरा टक्के लावा, २६३० च्या आसपास जातं. मग कारखानदाराला चार पैसे सुटायला नकोत का? तीन हजार सांगणारा तुम्हाला लुबाडत नाहीये.

हीच बॅग मशीनवर शिवली तर मजुरी अर्ध्या दिवसावर येते. मग सगळं धरून सतराशेच्या आसपास पडेल आणि दोन हजारांना देता येईल. मशीन म्हणजे फसवणूक नव्हे. आमच्याकडं मोठ्या शिवणी मशीनवर जातात, आणि पट्टी जोडायची जागा, कोपरे, जिथं ताण येतो तिथं हातानं. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, एक तुटला की शिवण सुटत जाते. दोन सुयांच्या हातशिलाईत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. म्हणून पैसे हातशिलाईवर कुठं घालायचे हे ठरवा. सगळी बॅग हातानं शिवून घेण्याचा हट्ट बऱ्याचदा फोटोपुरताच असतो.

मग साडेआठशेत कसं बसवतात? एक तर अंग रेक्झिनचं आणि तोंडाला लेदरची पट्टी. किंवा तो वर सांगितलेला प्लास्टिक चढवलेला थर. किंवा धारावी, कोलकात्याकडून शेकड्यानं आलेला माल, इथं फक्त टॅग लागतो. धारावीत बॅगा करणारेही कारागीरच आहेत आणि काही तर फार हुशार हाताचे आहेत. तो माल घ्यायला काही हरकत नाही, फक्त त्याला कोल्हापुरी म्हणू नका. आणि हे तिन्ही नसेल तर मजुरी कापलेली आहे.

मजुरी कशी कापली जाते ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही. आमच्याकडं काम बहुतेक नगावर चालतं. व्यापारी कातडं देतो, कारागीर घरी नेतो, नग करून आणतो, नगाचे पैसे घेतो. लग्न, दवाखाना, शाळेची फी आली की व्यापाऱ्याकडून उचल घेतो. मग ती उचल प्रत्येक नगातून कापली जाते, फिटता फिटत नाही, आणि फिटत नाही तोवर दुसऱ्याचं काम घेता येत नाही. तुम्ही जास्त भाव दिलात तरी तो वाढीव पैसा व्यापाऱ्याच्या वहीतच जिरतो. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न “रोज किती मिळतात” असा विचारू नका, त्याचं उत्तर कुणीच सरळ देत नाही. विचारा की नगाला किती, दिवसाला किती नग होतात, आणि तुम्ही आणखी कुणाकुणाचं काम करता. पहिल्या दोन उत्तरांचा गुणाकार करा आणि महाराष्ट्र शासनाच्या चालू किमान वेतनाशी ताडून बघा. ते दर महागाई भत्त्यामुळं वर्षातून दोनदा बदलतात, जुना आकडा घेऊन येऊ नका. तिसऱ्या उत्तरावरून माणूस मोकळा आहे की बांधलेला, ते कळतं.

आता तुमच्या बाजूचं. आगाऊ रक्कम निम्मी द्या. हे मी माझ्या सोयीसाठी म्हणत नाही. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या तत्त्वांतच हस्तकलेच्या मालासाठी उत्पादकानं मागितल्यास किमान ५० टक्के बिनव्याजी आगाऊ द्यावी असं आहे. कारण साधं आहे. वीस बॅगांचं कातडं आणि सामान घ्यायला कारागिराला वीस-बावीस हजार रोख लागतात. तुम्ही दिले नाहीत तर तो ते व्यापाऱ्याकडून उचलणार, आणि तुमची न्याय्य ऑर्डर त्याच जुन्या वहीत जाऊन बसणार. उरलेली रक्कम माल पाठवताना द्या, विकल्यावर नको. विकल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्याचं दुकान कारागिराच्या भांडवलावर चालतं.

सॅम्पलचे पैसे द्या, आणि नगाच्या भावापेक्षा जास्त द्या. पहिली बॅग म्हणजे पुठ्ठ्याचा साचा कापणं, मापं जुळवणं, एकदा उसवून पुन्हा शिवणं. त्यात तीन-चार दिवस सहज जातात. आमच्याकडं एका मोठ्या शहरातल्या दुकानानं सॅम्पलवर सॅम्पल मागवले, प्रत्येक वेळी “मोठी ऑर्डर येतेय”, आणि सहा महिन्यांनी तेच डिझाइन त्यांच्या पानावर दुसरीकडं करून घेतलेलं दिसलं. त्या दुकानाच्या पानावर कारागिरांविषयी फार छान लिहिलेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडं फुकट सॅम्पल नाही. साचा कुणाचा राहील तेही लिहून घ्या. तुम्ही सॅम्पलचे पैसे भरले असतील तर साचा तुमचा, नाहीतर करणाऱ्याचा.

परत आलेल्या मालाचं आधीच ठरवा. शिवण सुटली, कडी निघाली तर दुरुस्ती कारागिराची. पण “फोटोत रंग वेगळा दिसत होता” म्हणून परत आलेली बॅग त्याच्या गळ्यात घालू नका. व्हेज टॅनमध्ये एकाच कातड्याचे दोन तुकडे वेगळा रंग घेतात. हे तुमच्या पानावर तुम्ही आधीच लिहायला हवं.

इथवरचं गोळा करून सांगायचं तर: भाव फोडून मागा, निम्मे आधी द्या, सॅम्पल विकत घ्या, परतीचा नियम लिहा. एवढं केलंत तर निम्मी खात्री तुमच्याच कागदावर झाली. उरलेली निम्मी इथं येऊन करावी लागेल.

आलात की पहिल्यांदा खिडकी बघा. चिकटवायला जे सोल्युशन वापरतात त्याची वाफ डोक्यात जाते, रोज बंद खोलीत हुंगली तर नसांनाही इजा करते. डबा उघडा, खोली बंद आणि वर पंखा नाही असं असेल तर बाकी कितीही गोड बोलणं असो, तिथं काम करणाऱ्याची काळजी घेतली जात नाही. उजेड बघा, बसायची सोय बघा. घरात शाळकरी पोरगं वादी कापताना दिसलं तर लगेच घाबरून जाऊ नका. कायदा २०१६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला फक्त स्वतःच्या घरच्या, धोका नसलेल्या कामात, शाळा सांभाळून हात लावू देतो. सोल्युशन आणि रापी मात्र त्याच्या हातात नको, आणि शाळेच्या वेळेला पोरगं घरात असेल तर कारण विचारा.

दुसरं, बायका कुठं आहेत ते बघा. चप्पलच्या धंद्यात वेणी घालणं, पट्टे विणणं, गोंडे, पॉलिश, हे काम घराघरांत बायकाच करतात. बॅगांतही कडा घासणं, दोरे जाळून बंद करणं, वेणीची पट्टी हे त्यांच्याकडं येतं. नग मात्र नवऱ्याच्या नावावर मोजला जातो. मी आमच्याकडं वेणीच्या पट्टीचा दर वेगळा लावला आणि तो थेट त्या बाईच्या खात्यात जातो. सुरुवातीला कुरबूर झाली, अजूनही अधूनमधून होते. तुम्ही ऑर्डर देताना वेणी, कडा आणि शिलाई यांचे दर वेगवेगळे लिहून मागितलेत तर माझ्यासारखीचं काम सोपं होतं. सगळ्याच घरांत हे जमेल असं नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसानं कुणाच्या घरात जाऊन भाषण देऊ नये. दर वेगळे मागणं एवढं तुमच्या हातात आहे.

आता स्टाइलविषयी. तुम्ही पाठवलेला फोटो इटालियन पद्धतीच्या बॅगेचा आहे. पातळ मऊ कातडं, आत सॅटिनचं अस्तर, सहा खिसे, चार चेन. हे काम होत नाही असं नाही, पण चप्पल करणाऱ्या हाताला तुम्ही त्याचं नसलेलं काम देताय. आमचा माणूस जाड कातड्यात वाढला. कोल्हापुरी पायताण खिळा न मारता कातड्याच्याच वादीनं शिवलं जातं. त्याला सरळ कापणं, पंचानं नक्षी पाडणं, वेणी, जाड थर जोडणं हे डोळे मिटून येतं. चेन आणि अस्तर इथंच तो अडतो. म्हणून डिझाइन त्या हाताच्या बाजूनं करा. बिनअस्तराची टोट, आतून कातडं तसंच दिसणारी, एकच खिसा, चेनऐवजी पट्टी आणि पितळी खुंटी, धरायला वेणीची मूठ. कापशी गावच्या पायतणावरचं वेणीचं काम एकदा डोळ्यांखालून घाला, तुम्हाला चार डिझाइनं तिथंच सुचतील. अशी बॅग तुमच्या फोटोतल्यापेक्षा स्वस्तही पडते आणि दुसऱ्या कुणाच्या पानावर तशीच्या तशी दिसत नाही.

एक गोष्ट सॅम्पल आलं की नक्की बघा: खांद्याची पट्टी कातड्याच्या कुठल्या भागातून कापलीय. पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल. छाटण वाचवायला पट्टी पोटातून कापली तर दोन महिन्यांत लांबते, बॅग मांडीवर येते. पट्टी दोन्ही हातांत धरून जोरात ओढा. पाठीची पट्टी हलत नाही, पोटाची रबरासारखी थोडी देते आणि पूर्ण परत येत नाही. दुसरं, कड्या-बक्कल लोखंडाच्या आहेत का ते चुंबक लावून बघा. व्हेज टॅन कातडं ओलं असताना लोखंडाला लागलं की तिथं निळा-काळा डाग पडतो, तो सालीतल्या टॅनिनचा आणि लोखंडाचा परिणाम असतो आणि धुवून जात नाही. पावसाळ्यात वापरायची बॅग असेल तर पितळेचे जास्तीचे पैसे मुकाट्यानं द्या.

पावसाळा निघालाच आहे तर वेळापत्रकाचं सांगते. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर चप्पलचं गिऱ्हाईक कमी, कारागिरांचे हात रिकामे, आणि त्याच दिवसांत नेमकं कातडं वाळत नाही, रंग नीट बसत नाही, मालावर पांढरी बुरशी चढते. यातून वाट अशी काढता येते. कातडं एप्रिल-मेमध्ये घेऊन ठेवायचं, रंगकाम तेव्हाच उरकायचं, पावसात फक्त कापणं आणि शिवणं चालवायचं. पडत्या दिवसांत घराला काम मिळतं आणि तुम्हाला दिवाळीसाठी माल तयार होतो. यासाठी तुमचे आगाऊ पैसे एप्रिलमध्ये यायला हवेत. आणि कातडं तळमजल्यावर ठेवू देऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इथं कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण तुमचे पैसे त्यात असतील तर तुम्हीही विचारा.

आता सर्टिफिकेटं. कोल्हापुरी चप्पलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) मिळालं, ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, आरडाओरडा झाल्यावर भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, आणि तेव्हापासून जो तो कोल्हापुरी नावाच्या मागं आहे. पण ते मानांकन चपलेचं आहे, बॅगेचं नाही. “जीआय टॅग असलेली कोल्हापुरी बॅग” असं तुम्हाला कुणी विकत असेल तर तो माणूस बाकीचंही तसंच बोलत असेल. लेदर वर्किंग ग्रुपचं सर्टिफिकेट टॅनरीचं असतं, पाणी, रसायनं, वीज याविषयीचं. ते चांगलंच आहे, पण बॅग शिवणाऱ्याच्या मजुरीबद्दल त्यातून काही कळत नाही. कारागिराकडं हस्तकला विभागाचं ओळखपत्र आहे का, पीएम विश्वकर्मात नाव आहे का, हे विचारा. २०२३ च्या त्या योजनेत चर्मकाराचं काम धरलेलं आहे, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मिळतात आणि पाच टक्के व्याजानं पहिलं कर्ज एक लाखाचं. नाव नसेल तर अर्ज भरायला मदत करा. उचलीतून सुटायला त्याचा उपयोग एखाद्या परदेशी शिक्क्यापेक्षा जास्त होईल. छोट्या घरगुती कारखान्याला मोठं सर्टिफिकेट परवडत नाही, तेव्हा ते नाही म्हणून माणसाला नापास करू नका.

तुमच्या पानावर मग लिहायचं काय? जे खरं आहे तेच, आणि तेवढंच. कातडं कुठल्या गावचं, कशानं कमावलेलं, बॅग कुठं शिवली, काय हातानं आणि काय मशीनवर. कारागिराचा फोटो टाकायचा असेल तर आधी विचारा. काहींना आवडतं, काहींना आपली जात-गाव इंटरनेटवर नको असतं, आणि दोन्हीला कारणं आहेत. “गरीब कारागिरांना मदत करा” असं कृपा करून लिहू नका. बॅग चांगली आहे म्हणून विका.

बरंच काही तुमच्या बेतावर अवलंबून आहे. दोन हजारांच्या वर तुमचं गिऱ्हाईक जाणार नसेल तर पूर्ण हातशिलाईची व्हेज टॅन टोट तुमच्यासाठी नाही. मग छोट्या वस्तूंपासून सुरू करा: पाकीट, चष्म्याचं घर, लॅपटॉपचं पाकीट. पहिल्या दोन्हींना छाटणीतलं कातडंही चालतं. वर्षाला पाचशे नग लागणार असतील तर एक घर पुरणार नाही, दोन-तीन घरं जोडावी लागतील आणि मध्ये माल तपासणारा माणूस ठेवावा लागेल, त्याचा पगार भावात धरा. आणि महिन्यातून एकदाही कोल्हापूरला येणं जमणार नसेल, तर थेट कारागिराकडून घेण्यापेक्षा बचत गट किंवा नीट हिशेब ठेवणारा छोटा कारखाना बरा. थेट या शब्दाचा मोह सोडा.

तुमच्या त्या दोघांना आता एकच निरोप पाठवा: भाव चार ओळींत फोडून द्या, कातडं, सामान, मजुरी, जागा-वीज-नफा. त्यातल्या एकानं तरी नीट दिला तर पहिली ऑर्डर दोन डिझाइनांची, दहा-बारा नगांची द्या, आणि तोंडी न ठेवता व्हॉट्सॲपवर का होईना लिहून द्या. बघायला यायचं असेल तर नवरात्राचे दिवस सोडून या. तेव्हा अंबाबाईच्या दर्शनाला सगळा महाराष्ट्र इथं असतो, चप्पल लाईन या चपलांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि तुमच्याशी निवांत बोलायला कुणाला वेळ नसतो. एरवी कधीही सकाळी आलात तर बरं.